बाब क्रमांक सात

मार्चचा पहिला मंगळवार, व्हरमाँटातलं वेस्ट हॅलम.
शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या,
मागच्या टेबलावर मेपलच्या पाकातला घेवडा,
आणि दाराशी काढून ठेवलेले बूट.
प्रत्येक बुटावर एक पांढरी रेघ,
भरती कुठवर आली होती ते सांगणारी.

मी गावाची कारकून. इतिवृत्त लिहिते.

बाब सात: हिवाळी रस्ते, मीठ.
मागणी बासष्ट हजार डॉलर.
मागच्या वर्षी मंजूर एकावन्न, खर्च त्रेसष्ट,
कारण जानेवारीत अकरा रात्री पाऊस पडला
आणि जमिनीला टेकताच त्याची काच झाली.

ऑरिन थिबो उभा राहतो, टोपी हातात.
सत्तावीस हिवाळे पहाटे तीनला ट्रक काढलेला माणूस,
बोलायची सवय फक्त वायपरशी.
टनाला ब्याण्णव, तो सांगतो, शेडपर्यंत पोचवून.
राज्य पैसे देतं ते मैल मोजून,
चढ मोजून नाही.
उरलेले तुमच्या घरपट्टीतून.
पारा उणे दहाच्या खाली गेला की मीठही हात वर करतं,
मग वाळू.
शेडमध्ये चाळीस टन शिल्लक आहे.
वसंत अजून कॅलेंडरातच आहे.

कुणी म्हणतं, माझ्या गाडीच्या तळाची चाळणी झाली,
त्याचे पैसे कुठल्या बाबीत?
कुणी म्हणतं, आमचे वडील साखळ्या बांधून जायचे.
सेल्डन प्रॅट मिठाची गुळणी धरून बसलाय:
त्याच्या ओढ्यावरचा पूल
गेल्या वर्षी याच बाबीत विरघळला.

मग लुएला ब्रॉडर हात वर करते
आणि सगळी व्यायामशाळा मान वळवते.

टेकडीच्या पायथ्याशी तिचं घर.
तिथे वळण, म्हणून तिथे दुप्पट मीठ,
आणि एप्रिलात ते सगळं उतरतं
तिच्या विहिरीत.
दोन वर्षं तिची कॉफी खारट.
तोटी गंजून एकदा हातातच आली.
संध्याकाळी हरणं येतात, तिच्या दारापुढचा रस्ता चाटतात,
हॉर्न दिला तरी हलत नाहीत.
आणि डॉक्टरांनी तिला मीठ वर्ज्य सांगितलंय.

मी पेन्सिलला टोक काढून ठेवलं.
आता भांडण लिहायचं होतं.

ती म्हणाली,
"सतरा जानेवारीला, रात्री दोनला, एमरीचा श्वास अडकला.
मी खिडकीत उभी. ॲम्ब्युलन्स वळणावर आली,
आणि रस्ता खाल्ल्या मिठाला जागला.
माझं मत मिठाला.
पण मला प्यायला पाणी हवंय."

एमरी शेजारीच बसला होता,
तिच्या बाहीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत.

पाण्याच्या गाळणीला अठराशे डॉलर.
खजिनदार पानं उलटत राहिला.
रस्त्यांचा पैसा विहिरीत टाकता येत नाही.
आरोग्याच्या बाबीत फक्त फिरत्या नर्सचं पेट्रोल.
पाणी अशी बाबच नाही,
कारण इथे ज्याची त्याची विहीर,
आणि आजवर ज्याची त्याची तहान.
वीस मिनिटं गेली. घेवडा थंड झाला.

शेवटी ऑरिनच म्हणाला, बुटांच्या रांगेकडे बघत:
सरळ रस्त्यावर मैलामागे पन्नास पौंड कमी सोडीन.
हिवाळाभरात वीस टन वाचतील.
ते पाणी समजा.

हात वर झाले. मी मोजले, मग पुन्हा मोजले.
एक्क्याण्णव बाजूने, तेरा विरोधात,
सेल्डनचा हात अर्धाच वर,
तो मी बाजूने धरला.
रकाना एकच होता, त्यातच लिहिलं:
मीठ, बासष्ट हजार.
पैकी लुएला ब्रॉडरचं पाणी, अठराशे.

तोवर पत्र्यावर टपटप सुरू झाली होती.
ऑरिन न जेवताच निघाला.
इतिवृत्तात असलं लिहायचं नसतं, तरी लिहिते:
दाराशी बुटात पाय घालता घालता
त्याने तिला विचारलं,
आज वळणावर किती टाकू?

चवीपुरतं, ती म्हणाली.